स्कीच्या बाइंडिंगचा डिन नंबर कसा काढायचा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दरवर्षी डिसेंबर आला की ओळखीतल्या कोणाचा तरी मेसेज येतोच, "आम्ही पहिल्यांदा स्कीइंगला चाललोय, काय काय घेऊ?" मग जॅकेट कुठलं, ग्लोव्ह्ज वॉटरप्रूफ हवेत का, थर्मलचे किती जोड, सगळं विचारून होतं, पण बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, आकड्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि पडल्यावर पाय मोडणार की नुसती स्की सुटून बाजूला पडणार हे बऱ्याच अंशी त्या आकड्यावर ठरतं. मी म्युनिकजवळ राहते, इथून ऑस्ट्रियाचे डोंगर जवळ, त्यामुळे हिवाळाभर आमच्याकडे हाच विषय, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. गुलमर्गला किंवा औलीला जाणार असाल तरी पद्धत हीच.

आधीच सांगते, हे वाचून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. आपला आकडा साधारण किती यायला हवा ते आपल्याला कळावं आणि दुकानात काही भलतंच लावलं तर पकडता यावं, एवढ्यासाठी हे आहे. स्क्रू फिरवायचं काम ज्याच्याकडे मशीन आहे त्याचं.

हा आकडा म्हणजे नक्की काय

स्कीवर मधोमध दोन तुकडे बसवलेले असतात, पुढचा टो पीस आणि मागचा हील पीस, दोघं मिळून बूट धरून ठेवतात, त्याला म्हणायचं बाइंडिंग. दोघांच्याही आत स्प्रिंग असते. पडताना पाय पिळला जायला लागला की पुढचा तुकडा बुटाला बाजूने सोडतो, आणि तोंडघशी जायला लागलात की मागचा तुकडा टाच वरच्या बाजूला सोडतो. किती जोर आला की सोडायचं ते स्प्रिंग किती आवळलीय त्यावर, आणि ती किती आवळलीय ते प्रत्येक तुकड्यावरच्या छोट्या खिडकीत आकड्याने दिसतं. याला सगळीकडे 'डिन' म्हणतात, हे मुळात जर्मन मानक संस्थेचं नाव, इकडच्या दुकानात 'त्सेट-वेर्ट' पण ऐकू येईल. सेटिंगचे नियम आता आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत पण बोलताना डिनच.

बूट सुटणारी बाइंडिंग पहिल्यापासून नव्हती बरं का. पूर्वी बूट पट्ट्यांनी आणि केबलने स्कीला पक्का जखडलेला असायचा, पडलात की लांबलचक स्की एकीकडे आणि अंग दुसरीकडे, मधे नडगी. नॉर्वेहून अमेरिकेत पोर्टलंडला येऊन राहिलेला याल्मार ह्वाम नावाचा एक पट्टीचा स्कीपटू होता, १९३७ साली त्याचा स्वतःचा पाय मोडला आणि त्या दुखण्यातूनच त्याने पुढून सुटणारी बाइंडिंग काढली, 'सेफ-स्की' या नावाने विकली. अमेरिकेतच व्हरमाँटमध्ये शुगरबुश नावाच्या स्की रिसॉर्टवर १९७२ पासून दुखापतींच्या नोंदी ठेवत आलेत, त्यात नडगी मोडण्याचं प्रमाण सुरुवातीच्या मानाने प्रचंड खाली आलेलं दिसतं आणि त्याचं मोठं श्रेय सुधारलेल्या बाइंडिंगला दिलं जातं. गुडघ्याचं गणित वेगळं आहे, त्यावर शेवटाकडे लिहिते, ते वगळू नका.

पायरी १: आधी बूट, मग बाकीचं

आकडा काढायला पाच गोष्टी लागतात: वजन, उंची, वय, तुम्ही कशा प्रकारे स्की करता ते, आणि बुटाच्या तळव्याची लांबी. पहिल्या चार तुम्हाला माहीतच असतात, पाचवी बूट हातात आल्याशिवाय कळत नाही, म्हणून बूट घालून, दहा मिनिटं त्यात उभं राहून, बोटं दुखत नाहीत ना ते बघून बूट पक्का करा आणि मगच स्कीच्या काउंटरला जा.

तळव्याची लांबी म्हणजे बुटाची साइज नव्हे, इथे नव्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. स्की बुटाची साइज २५.५, २६.५ अशी असते, ती पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. आपल्याला हवी ती प्लास्टिकच्या सांगाड्याची बाहेरून बाहेर लांबी, मिलिमीटरमध्ये, २८५, ३०६ अशी काहीतरी, ती टाचेपाशी बाजूला कोरलेली किंवा छापलेली असते, कधी कधी इतकी बारीक की मोबाइलचा टॉर्च मारावा लागतो. दुकानात तिला बीएसएल म्हणतात. एकाच साइजच्या दोन कंपन्यांच्या बुटांची बीएसएल वेगळी निघू शकते, आणि उलट २६ आणि २६.५ ला बहुतेक कंपन्या सांगाडा एकच वापरतात, त्यामुळे तिथे बीएसएल सारखीच येते. अंदाज करू नका, वाचा.

ही लांबी कशाला लागते? लांब पान्याने नट सोडवायला जोर कमी लागतो ना, तसंच, बूट जितका लांब तितका त्याच स्प्रिंगवर पायाला बसणारा पीळ जास्त. म्हणून तेवढ्याच वजनाच्या माणसाचा बूट लांब असेल तर आकडा खाली येतो. लोकांना वाटतं मोठा बूट, मोठा माणूस, मोठा आकडा, पण आहे उलटं.

पायरी २: वजन आणि उंची, आणि इथे खोटं बोलू नका

तक्त्यात वजनाच्या आणि उंचीच्या ओळी असतात, प्रत्येक ओळीला एक इंग्रजी अक्षर. मोठ्यांच्या कामाच्या ओळी अशा:

एच: ४२ ते ४८ किलो, उंची १४८ सेंमीपर्यंत
आय: ४९ ते ५७ किलो, १४९ ते १५७ सेंमी
जे: ५८ ते ६६ किलो, १५८ ते १६६ सेंमी
के: ६७ ते ७८ किलो, १६७ ते १७८ सेंमी
एल: ७९ ते ९४ किलो, १७९ ते १९४ सेंमी
एम: ९५ किलो आणि पुढे, १९५ सेंमी आणि पुढे

वजनाची ओळ बघायची, उंचीची ओळ बघायची, दोन्ही एकच आली तर प्रश्न मिटला, वेगळ्या आल्या तर जी वरची, म्हणजे कमी आकड्याची, ती घ्यायची. हा नियम आपल्या लोकांना फार लागू पडतो कारण उंची बेताची आणि पोट व्यवस्थित असा आपल्यातल्या बऱ्याच जणांचा नमुना असतो. ८२ किलो आणि १६५ सेंमी असा माणूस नुसत्या वजनाने एल ओळीत जाईल, पण उंचीने तो जे मध्ये आहे, तर जे धरायची, दोन ओळींचा फरक पडला बघा. आता हाच माणूस काउंटरवर रुबाबात "पाच फूट नऊ" सांगतो तेव्हा तो दुकानदाराला फसवत नाहीये, स्वतःच्या नडगीला फसवतोय. वजनाचंही तेच, बायका पाच किलो कमी सांगतात, पुरुष उंची वाढवून सांगतात, आणि समोरचा पोरगा बिचारा मुकाट्याने कॉम्प्युटरला घालतो. वजन साध्या कपड्यांवरचं सांगायचं, स्कीचे कपडे बूट धरून नाही. अमेरिकेत फॉर्मवर पौंड आणि फूट-इंच असतं, तिथे घाईत किलोचा आकडा पौंडाच्या चौकटीत लिहू नका.

ऑस्ट्रिया जर्मनीत कधी एखादा जुना माणूस वजन विचारण्याऐवजी एक मापकाटा काढून तुमच्या गुडघ्याखालच्या हाडाची रुंदी मोजेल. घाबरू नका, नडगीच्या वरच्या टोकाच्या जाडीवरून आकडा काढायची तीही मान्य पद्धत आहे, आता कमी दिसते इतकंच.

पायरी ३: तुमचा टाईप

फॉर्मवर टाईप १, २, ३ असं असतं. टाईप १ म्हणजे सावकाश, सौम्य उतारावर, सांभाळून स्की करणारा, ज्याला बूट लवकर सुटलेला चालतो. टाईप ३ म्हणजे वेगात, तीव्र उतारावर, ज्याला बूट मधेच सुटणं जास्त धोक्याचं वाटतं. टाईप २ मधला. पहिल्यांदा जाताय ना? टाईप १. दुसऱ्यांदा जाताय? तरी टाईप १. जिममध्ये जाता, मॅरेथॉन पळता, सह्याद्रीत ट्रेक करता, तरीही टाईप १, कारण इथे तुमची ताकद कोणी विचारत नाहीये, तुम्ही कुठल्या वेगाने आणि कुठल्या उतारावर जाणार ते विचारतायत. निळ्या आणि लाल, म्हणजे सोप्या आणि मध्यम उतारांवर आरामात वळणं घेता यायला लागली, थांबता यायला लागलं की मग टाईप २ चा विचार.

टाईप १ असेल तर वजन-उंचीने आलेली ओळ तशीच ठेवायची. टाईप २ ला एक ओळ खाली सरकायचं, टाईप ३ ला दोन ओळी. म्हणजे के मध्ये असलेला माणूस टाईप २ झाला की एल च्या ओळीतला आकडा बघणार. एकाच माणसाचा आकडा नुसत्या टाईपच्या खुणेवर केवढा हलतो ते खाली उदाहरणात दिसेलच, त्यामुळे मित्रांसमोर लाज वाटते म्हणून मधल्या चौकटीत खूण करणं हा मला या सगळ्यातला सगळ्यात मूर्खपणाचा प्रकार वाटतो. डिन जास्त असला की माणूस भारी, असं एक खूळ पोरांमध्ये असतं, रेसिंगवाल्यांच्या बाइंडिंग खरंच मोठ्या आकड्यांच्या असतात, पण त्यांच्या वेगाला आणि बर्फासारख्या कडक ट्रॅकवर मधेच स्की सुटली तर काय होईल त्या हिशोबाने ते तसं ठेवतात. तुम्ही जादूच्या गालिच्यावर, म्हणजे त्या सरकत्या पट्ट्यावर चढून उतरताय.

पायरी ४: वय

५० किंवा त्याहून जास्त असेल तर एक ओळ वर. ९ वर्षं आणि त्याखालच्या मुलांनाही एक ओळ वर. एवढंच. आईबाबांना भारतातून बोलावून बर्फ दाखवायला नेताना आपण त्यांच्या वतीने फॉर्म भरतो, तेव्हा वयाची चौकट रिकामी सोडू नका, तिच्यावरून एक अख्खी ओळ बदलते.

पायरी ५: आता तक्ता

आता ओळ मिळाली, मग बीएसएलचा रकाना धरायचा आणि दोन्ही जिथे भेटतात तो आकडा. सगळा तक्ता इथे उतरवत नाही, मोठ्या माणसांना बहुतेक वेळा लागतो तेवढा भाग देते. आकडे अनुक्रमे २७१ ते २९०, २९१ ते ३१० आणि ३११ ते ३३० मिमी बीएसएलसाठी:

आय: ४, ३.५, ३.५
जे: ५, ४.५, ४
के: ६, ५.५, ५
एल: ७, ६.५, ६

प्रत्येक कंपनी आपल्या बाइंडिंगसोबत स्वतःचा तक्ता देते आणि शेवटचा शब्द त्या तक्त्याचा. वरचा आपल्या पडताळणीपुरता.

चला, करून बघू. समजा एक जण ३२ वर्षांचा, ७४ किलो, १७१ सेंमी. वजन के, उंची के. नवखा म्हणून टाईप १, वयाची सवलत नाही, बीएसएल ३०५. के ओळ, मधला रकाना, ५.५. दोन सीझननंतर हाच माणूस लाल उतार बिनधास्त करायला लागला, टाईप २, एक ओळ खाली, एल, ६.५.

त्याचे वडील ५८ वर्षांचे, ६९ किलो, १६८ सेंमी, पहिल्यांदाच स्कीवर उभे राहणार. वजनाने के, उंचीने के, टाईप १, पण वय पन्नाशीच्या वर म्हणून एक ओळ वर, जे. बूट योगायोगाने मुलाच्याच मापाचे, ३०५. आकडा ४.५. आता समजा बापलेकांनी "एकच साइज आहे, घे माझी स्की" म्हणून दुपारी अदलाबदल केली, बूट खटकन बसेल, काही चुकतंय असं वाटणारही नाही, आणि वडील मुलाच्या ५.५ किंवा ६.५ वर उतरतील. म्हणून स्कीची अदलाबदल नाही म्हणजे नाही, नवराबायकोत नाही, भावाभावात नाही.

बायको ५४ किलो, १५८ सेंमी. वजनाने आय, उंचीने जे, वरची घ्यायची म्हणजे आय. बीएसएल २७८, टाईप १. आकडा ४. आणि आपले मगाचचे ८२ किलो, १६५ सेंमीवाले, जे, बीएसएल २९५, टाईप १, ४.५. या गृहस्थांना नुसतं वजन बघून कोणी एल मध्ये टाकलं असतं तर ६.५ लागला असता.

लहान मुलांचे आकडे फार छोटे असतात, एक दीडच्या आसपास, त्यांच्या ओळी नुसत्या वजनावर जातात आणि बाइंडिंगही वेगळी, हलक्या स्प्रिंगची लागते. मोठ्या भावाची स्की धाकट्याला चालवून घेऊ असा काटकसरी विचार इथे करू नका, मोठ्यांच्या बऱ्याच बाइंडिंग तीन किंवा चारच्या खाली येतच नाहीत, म्हणजे स्क्रू पूर्ण सैल केला तरी मुलासाठी ती घट्टच. हाच त्रास हलक्या वजनाच्या बायकांना होतो, तुमचा आकडा ३.५ आणि हातात दिलेली बाइंडिंग ४ ते १२ ची, तर दुसरी मागा, "थोडंसंच तर जास्त आहे" ऐकून घेऊ नका. खरं तर आपला आकडा बाइंडिंगच्या पट्ट्यात अगदी टोकाला न येता जरा आत यावा हे बरं.

फ्रान्सला जाणार असाल तर तिथे आकडा आपल्या हिशोबापेक्षा कमी लावलेला दिसू शकतो, तिथल्या तक्त्यात बायकांसाठी वेगळा रकाना आहे. कमी दिसला म्हणून भांडू नका.

पायरी ६: काउंटरवर

स्की हातात मिळाली की चार खिडक्या वाचा. दोन स्की, प्रत्येकीला पुढे एक आणि मागे एक. चारही आकडे तुमच्या हिशोबाशी जुळायला हवेत, सहसा पुढे मागे सारखाच असतो. अर्ध्याचा फरक असेल तर विचारा, त्यांच्याकडे त्या बाइंडिंगचा नेमका तक्ता असतो. एक दीडचा फरक असेल तर फॉर्म परत काढायला सांगा, बहुतेक वेळा टाईपची खूण चुकलेली असते किंवा कुटुंबातल्या दोघांचे फॉर्म एकमेकांत गेलेले असतात. मोठ्या दुकानांत सेटिंगचा छापील कागद मिळतो, तो खिशात ठेवा. गुलमर्ग-औलीकडे किंवा अशाच छोट्या भाड्याच्या दुकानात कधी फॉर्मच नसतो, बुटाकडे नजर टाकून माणूस स्की पुढे करतो, तिथे तर तुम्हीच वजन, उंची, वय सांगून "भैया, इतना लगा दो" म्हणायला हवं, लावून देतात, कोणी रागवत नाही.

आणि आकड्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट, जिच्याकडे कोणीच बघत नाही. बूट बाइंडिंगमध्ये नुसता अडकून चालत नाही, मागच्या तुकड्याने त्याला पुढे ठरावीक दाबाने ढकलून धरलेलं असावं लागतं. हा दाब कमी असला तर स्की उगाचच सुटते, जास्त असला तर पाहिजे तेव्हा सुटत नाही, मग खिडकीत आकडा कितीही बरोबर असो. भाड्याच्या स्कीवर टो आणि हील रुळावर सरकतात आणि तिथे मिलिमीटरची पट्टी असते, टेक्निशियन तुमच्या बीएसएलवर ते लावतो, मग बूट अडकवून मागच्या तुकड्यावरची खूण बरोबर जागी आलीय का बघतो. ही खूण प्रत्येक कंपनीची वेगळी, कुठे रेघ, कुठे पिवळी पट्टी, म्हणून "प्रेशर बरोबर आहे का, दाखवा" असं सरळ विचारा. दाखवणारा माणूस सहसा आनंदाने दाखवतो.

यातूनच निघणारा मुद्दा, आणि पूर्ण लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: बूट बदलला की स्की परत काउंटरवर गेली पाहिजे. पहिल्या दिवशी बूट चावतात, दुपारी जाऊन आपण एक साइज मोठा बूट घेतो, स्की बाहेर स्टँडला लावलेली असते, घाईत तसेच लिफ्टकडे पळतो. बीएसएल दहा मिमीने वाढली, दाब बदलला, कदाचित रकानाही बदलला. मोठा बूट जोर लावून बसतोसुद्धा. तसं करू नका, दोन मिनिटांचं काम असतं.

तळव्याचा प्रकारही बघून घ्या. पूर्वी सगळ्यांचे तळवे सपाट कडक असायचे, आता चालायला सोपे पडावेत म्हणून जरा वक्र आणि रबरी असे ग्रिपवॉक तळवे बरेच दिसतात, ते प्रत्येक जुन्या बाइंडिंगमध्ये चालत नाहीत. बूट आणि स्की एकाच दुकानातून भाड्याने घेतलीत तर ते जुळवून देतात. बूट स्वतःचे आणि स्की भाड्याची, असं असेल तर स्वतःहून सांगा.

डोंगरावर

बूट अडकवण्याआधी तळव्याचा बर्फ काढायचा, दर वेळी. बाइंडिंगच्या पुढच्या भागात बुटाखाली एक गुळगुळीत पट्टी असते, त्यावरून बूट बाजूला सरकून सुटायचा असतो, तिथे बर्फाचा गोळा किंवा पार्किंगमधली खडी अडकली की सगळा हिशोब गेला. पोलने, म्हणजे हातातल्या काठीने खरवडा, नाहीतर बाइंडिंगच्या कडेवर तळवा घासा. मग आधी पुढचं टोक, मग टाच, खट्ट आवाज आला पाहिजे. त्याच कारणाने स्की बुटांनी डांबरी रस्त्यावर मैलभर चालू नये, तळवे झिजतात आणि झिजलेला तळवा बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही.

स्की उगाचच सुटली, पडला नाहीत, धक्का नाही, तरी सुटली, तर लगेच आकडा वाढवायला धावू नका. आधी बर्फ, मग तो पुढे ढकलणारा दाब, मग तळवे. बहुतेक वेळा यातच काहीतरी निघतं. सगळं ठीक असूनही वारंवार सुटत असेल तर दुकानात जा, तेच ठरवतील वाढवायचा का. लिफ्टच्या रांगेत कोणीतरी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून "एक वेढा देतो" म्हणेल, प्रेमळ माणूस असतो, पण त्याला आभार मानून कटवा. उलट तुम्हाला वाटलं की जोरात पिळून पडलो तरी स्की सुटली नाही, तर मात्र तो दिवस तसाच ढकलू नका, जाऊन तपासून घ्या. आकडा खाली आणायचा असेल तर स्वतःहून मागायला काहीच हरकत नाही.

गुडघा

आता गुडघ्याचं. ही बाइंडिंग मुळात नडगी आणि घोटा वाचवायला बनलेली आहे. गुडघ्यातला एसीएल नावाचा स्नायुबंध ती वाचवतेच असं नाही, आणि स्कीइंगमधल्या गंभीर दुखापतींत तो तुटणं फार नेहमीचं. होतं असं की माणूस मागे बसल्यासारखा पडतो, ढुंगण गुडघ्यांच्या खाली जातं, सगळं वजन एका स्कीच्या मागच्या टोकाच्या आतल्या कडेवर येतं आणि ती स्की गुडघ्याला आत पिळते. या पिळात साध्या बाइंडिंगच्या पुढच्या तुकड्याला सुटण्याएवढा जोर नेमका मिळत नाही, आणि मागचा तुकडा फक्त वरच्या दिशेने सुटतो. हे सगळं अगदी कमी वेगातही होऊ शकतं, नवख्यांच्या उतारावरसुद्धा.

म्हणजे डिन बरोबर आहे म्हणून गुडघा सुरक्षित, असं धरून चालू नका, आणि गुडघा वाचवायचा म्हणून आकडा दोन-दोनने खाली आणून पण उपयोग नाही, मग स्की भलत्या ठिकाणी सुटेल. इथे उपाय पडण्याच्या पद्धतीत आहे. मागे जातोय असं वाटलं की हात पुढे, पाय जवळ, आणि तोल गेलाच तर अर्ध्यातून उठायचा अट्टहास सोडून सरळ पडून घ्यायचं, घसरत थांबू द्यायचं, थांबल्यावर उठायचं. पडताना उठायच्या धडपडीतच गुडघे जातात. इन्स्ट्रक्टरकडून पहिल्या दिवशी पडायला शिकून घ्या, वळायला नंतर शिकलात तरी चालेल. आणि हो, ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये विंटर स्पोर्ट्स धरलेत का ते निघण्याआधी बघा, बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात.

स्वतःची स्की घेतलीत तर

एक दोन सीझन झाले की आपल्याला ऑनलाइन सेकंडहँड स्की स्वस्तात दिसायला लागतात. घ्या, पण बाइंडिंग किती जुनी आहे ते आधी विचारा. कंपन्या आपल्या जुन्या मॉडेलांना काही वर्षांनी आधार देणं बंद करतात आणि मग दुकानवाले त्या बाइंडिंगला हातच लावत नाहीत, विशेषतः अमेरिकेत, म्हणजे स्वस्तातली स्की भिंतीवर टांगायच्या कामाची. चालू मॉडेल असेल तर दुकानात नेऊन मशीनवर तपासून घ्या. खिडकीतला आकडा फक्त स्प्रिंग किती आवळलीय ते सांगतो, बूट प्रत्यक्षात किती जोराने सुटतो ते मशीन मोजतं. के ओळीच्या माणसाला पीळ साधारण ४३ न्यूटन-मीटरला आणि पुढे झुकताना १६५ न्यूटन-मीटरला बूट सुटायला हवा, एल ओळीला हेच ५० आणि १९४. आतलं ग्रीस वाळलं, स्प्रिंग दमली, माती गेली की खिडकीत ५.५ आणि मशीनवर भलतंच, असं होतं. म्हणून दर सीझनच्या सुरुवातीला एकदा, गर्दी व्हायच्या आधी, नोव्हेंबरात नेलंत तर रांगही नसते. वजन बरंच वाढलं किंवा उतरलं, पन्नाशी गाठली, नवे बूट घेतले, यातलं काहीही झालं की आकडा पुन्हा काढायचा.

टूरिंगच्या, म्हणजे स्की पायाला लावून डोंगर चढायच्या पिनवाल्या बाइंडिंगवरही आकडे असतात, पण त्यांची सुटायची रचना वेगळी असते, तेव्हा वरचं सगळं जसंच्या तसं तिथे लावू नका. आणि स्नोबोर्डवाल्यांनी इथवर वाचलं असेल तर सॉरी, तुमची बाइंडिंग पडल्यावर सुटतच नाही, तुम्हाला यातलं काहीच लागू नाही.